पाखरांची वही

बालमित्रांनो, पक्षी पाहायला जंगलातच जावं लागतं असं कुणी सांगितलं? शाळेचा व्हरांडा, गच्ची, गोठा, विहिरीवर वाकलेली बाभूळ, कुठूनही पक्षी दिसतात. दोन सवयी मात्र हव्यात. दिसलेलं लिहून ठेवायची आणि न कळलेलं विचारायची.

आमच्या वर्गाच्या दाराशी सुतळीने एक शंभर पानी वही बांधली आहे. डाव्या पानावर नोंद, उजव्या पानावर प्रश्न. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी किती होते आणि काय करत होते, एवढं लिहायचं. नाव ठाऊक नसेल तर 'साळुंकीएवढा, शेपूट लांब' असं लिहिलं तरी चालतं. नियम एकच : डोळ्यांनी पाहिलं ते आधी, मनाला वाटलं ते नंतर.

त्या वहीतले काही प्रश्न तुम्हालाही पडले असतील. बघा बरं!

'एक काळा-पांढरा पक्षी मोटारसायकलच्या आरशावर रोज चोची मारतो. त्याला वेड लागलंय का?' मुळीच नाही. तो दयाळ. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखत असतो. आरशातला दयाळ त्याला घुसखोर वाटतो. समोरचा काही केल्या पळत नाही, म्हणून लढाई संपत नाही. चिमण्याही असंच करतात. उपाय अगदी सोपा! आरशावर एक जुनी पिशवी बांधून टाका.

'सुगरणीची काही घरटी अर्धवटच का लटकतात?' या प्रश्नाचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं. १९३० साली अलिबागजवळ किहीम इथे डॉ. सालिम अली यांनी सुगरणींच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं. नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर. अर्धं घरटं झालं की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडलं तरच नर ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरं विणायला घेतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात.

'गुरांमागे फिरणारे बगळे पांढरे होते, आता काहींची डोकी केशरी झालीत. ही वेगळी जात का?' जात तीच, गायबगळा. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी पिसं येतात. गुरांच्या पायांनी गवतातले किडे उडतात आणि बगळ्याला आयता घास मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तो दर वर्षी येतो, आणि बरेचदा खोक्यात ठेवलेल्या पिल्लासकट येतो. 'पिल्लू खाली पडलं होतं. मी घरी आणलं. आता काय करू?'

मुलांनो, तुमचं मन मोठं आहे, पण जरा थांबा. पिल्लाला पिसं फुटली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही. ते उडायला शिकतं आहे. त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर चारा घेऊन थांबलेले असतात. तुम्ही दूर झालात की ते येतात. पिल्लू आणलंच असेल तर जिथून उचललं तिथेच, जवळच्या झुडपावर ठेवा आणि कुत्र्या-मांजरांवर लांबून नजर ठेवा. पिल्लू उघडंबोडकं असेल आणि घरटं हाताला येत असेल, तर मोठ्यांच्या मदतीने अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. चोचीत पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनळीत जातं. जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

घरट्याजवळ गर्दीही करू नका. आपण पुन्हा पुन्हा डोकावलो की कावळ्याला घरट्याचा पत्ता कळतो!

प्रश्न विचारून काय होतं, असं कुणी म्हणेल. सालिम अली लहान असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असं विचारत ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मिलार्ड नावाचे सचिव या मुलावर हसले नाहीत. त्यांनी पक्षी ओळखून सांगितला आणि पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. पुढे बंदुकीपेक्षा दुर्बीण आणि वहीच या मुलाची सोबती झाली.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. महाराष्ट्रात २०२० पासून हा आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. पण वहीला मुहूर्त कशाला हवा? पावसाळा सरला की शेपटी वरखाली हलवणारे धोबी पक्षी थंडीसाठी उत्तरेकडून येतात. पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला, ते दर वर्षी लिहा. पाचवीपासून दहावीपर्यंत लिहिलंत तर सहा तारखा हाती येतील. त्या शेजारी शेजारी मांडून बघा.

आणि पालकहो, मुलाने विचारलेल्या पक्ष्याचं नाव तुम्हाला येत नसेल तर लाजू नका. 'चल, दाखव कुठे आहे तो' एवढं म्हणून त्याच्याबरोबर उठलात तरी पुष्कळ झालं.