आकाशातली वाट

मंडळी, आपण शेतात काम करीत असतो. डोक्यावरून विमान जाते. घरघर आवाज येतो. पोरे हात वर करून ओरडतात. आपणही कपाळावर हात धरून बघतो. विमान लहान लहान होत दिसेनासे होते.

तेव्हा मनात एक प्रश्न येतो. जमिनीवर सडक आहे. सडकेच्या कडेला दगड आहेत, त्यावर गावांची नावे आहेत. वाट चुकली तर विचारायला माणूस भेटतो. आकाशात यातले काहीच नाही. मग विमान नेमके हव्या त्या गावी कसे पोचते?

विमान चालवणाऱ्याला वैमानिक म्हणतात. वैमानिकाची नजर फार तेज असेल, असे पुष्कळांना वाटते. नजर तर लागतेच. पण नुसत्या नजरेने वाट सापडत नाही. ती सापडते हिशेबाने. हा हिशेब कसा करतात, ते आज पाहू.

आपल्या जवाहरनगरहून पूर्वेला गेले की गोंदिया लागते. गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी तो बांधला. आता तेथे वैमानिक होण्याचे शिक्षण मिळते. मुले शिकतात, तशा मुलीही शिकतात. समजा, अशाच एका शिकाऊ मुलीला नागपूरहून बिरसीला विमान न्यायचे आहे. ती काय करील?

पहिली गोष्ट : दिशा

आपण म्हणतो, उगवतीला जा, मावळतीला जा. एवढ्याने वैमानिकाचे भागत नाही. त्याला दिशा आकड्यात लागते. गोल चाकाचे ३६० सारखे भाग करा. एका भागाला अंश म्हणतात. उत्तरेला शून्य धरा. तेथून उजवीकडे मोजत जा. पूर्व ९० वर येते, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर. पुन्हा उत्तरेला आलात की ३६० पुरे झाले.

ती मुलगी नकाशा उघडते. नागपूर ते बिरसी सरळ रेघ ओढते. रेघ मोजली तर सुमारे १३७ किलोमीटर भरते. तिची दिशा येते सुमारे ७० अंश. म्हणजे पूर्वच, पण थोडी उत्तरेकडे झुकलेली.

दिशा दाखवायला विमानात होकायंत्र असते. त्याची सुई उत्तर दाखवते. पण विमानात लोखंड असते, विजेच्या तारा असतात. त्यांच्यामुळे सुई थोडी फसते. किती फसते, ते आधी तपासतात आणि चिठ्ठीवर लिहून होकायंत्राजवळ लावतात. उडताना ती चिठ्ठी वाचावी लागते.

दुसरी गोष्ट : वारा

वैनगंगेत डोंगा चालवणारा नावाडी तुम्ही पाहिला असेल. त्याला समोरच्या घाटावर जायचे असते. पण तो डोंग्याचे तोंड घाटाकडे धरीत नाही. घाटाच्या थोडे वरच्या अंगाला धरतो. का बरे? पाण्याची धार डोंग्याला खाली ओढते, हे त्याला ठाऊक असते. समोर तोंड धरले तर डोंगा घाटाच्या खाली कुठेतरी लागेल.

आकाशात वारा म्हणजे हीच धार. विमान वाऱ्यात असते आणि वारा त्याला आपल्याबरोबर नेतो.

आता हिशेब करा. विमान ताशी १८० किलोमीटर जाते. म्हणजे मिनिटाला ३ किलोमीटर. वारा नसला तर १३७ किलोमीटर जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात. पण उत्तरेकडून ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला आहे. त्या ४६ मिनिटांत तो विमानाला जवळजवळ २८ किलोमीटर दक्षिणेला ढकलील. बिरसी राहील उत्तरेला आणि विमान भलतीकडेच!

म्हणून ती मुलगी नावाड्यासारखे करते. विमानाचे तोंड ७० अंशांवर न धरता सुमारे ५९ अंशांवर धरते. विमान तिरके उडते, पण जाते सरळ रेघेवरूनच. वारा थोडा समोरूनही लागतो. म्हणून ४६ ऐवजी ५० मिनिटे लागतात. इंधन थोडे जास्त जळते. तेही आधीच हिशेबात धरावे लागते. वर वाट चुकली तर पुरावे, म्हणून आणखी जादा इंधन घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट : घड्याळ

विमान उडाले की ती मुलगी वेळ लिहून ठेवते. वाटेतल्या खुणा तिने नकाशावर आधीच हेरलेल्या असतात. मोहाडी जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. ५० मिनिटांची वाट, तर २५ मिनिटांनी खाली मोहाडी दिसली पाहिजे. मग वैनगंगा, मग तिरोडा, मग गोंदिया, मग बिरसी.

आता समजा, ती वाऱ्याचा हिशेब विसरली. २३ मिनिटे झाली. खाली गाव दिसते. शेजारी वैनगंगाही दिसते. "हीच मोहाडी," असे म्हणून ती पुढे गेली तर?

ती मोहाडी नव्हे. ते आहे भंडारा! वाऱ्याने विमान १४ किलोमीटर दक्षिणेला आले आहे. नदी तीच, पण गाव दुसरे. पुढे नागझिऱ्याचे जंगल लागेल. तेथे ओळखायला खुणा थोड्या आणि उतरायला जागा नाही. इंधन कमी होत जाईल. दिवस मावळायला आला तर जिवावर बेतेल.

म्हणून वैमानिकांचा नियम आहे : एका खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा जुळल्या तरच खरे मानावे. येथे नदीवर मोठा पूल आहे. पुलावरून नागपूर-रायपूरचा मोठा रस्ता जातो. गावही मोठे आहे. नकाशात मोहाडीला असा मोठा रस्ता आणि पूल नाही. मग ही मोहाडी कशी असेल?

ज्याला हे वेळीच कळले, त्याचे काही बिघडत नाही. तो भंडाऱ्यापासून बिरसीपर्यंत नवी रेघ धरतो आणि सुखरूप पोचतो. चूक झाली यात लाज नाही. ती न मानता पुढे जाणे, हाच मोठा धोका.

पूर्वी आणि आता

१९३२ साली १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन विमान उडवले. अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूला उतरले. विमान लहान होते. त्यात बोलण्याचा रेडिओसुद्धा नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि डोक्यातला हिशेब, एवढ्यावर त्यांनी वाट काढली.

आज पृथ्वीभोवती उपग्रह फिरतात. त्यांच्या मदतीने विमान कोठे आहे, ते यंत्रावर लगेच दिसते. तरीही शिकाऊ वैमानिकाला आधी नकाशा, होकायंत्र आणि घड्याळच शिकवतात. कारण यंत्र कधीही बंद पडू शकते. डोक्यातला हिशेब बंद पडत नाही.

पाहा, यात कोणती जादू आहे? आकडे वाचणे, नकाशा वाचणे, वेळ लिहून ठेवणे. तुम्ही पाटीवर गिरवता तीच अक्षरे आणि तेच आकडे. आज तुम्ही आकडे शिकलात. उद्या तुमची नात बिरसीला जाऊन आकाशात रेघ धरील. मग कपाळावर हात धरून वर बघाल, तेव्हा विमान कोठे चालले, हे तुम्हीच शेजाऱ्याला सांगाल.

सांगा पाहू

१. दक्षिण दिशा किती अंशांवर येते?
२. विमान मिनिटाला ३ किलोमीटर जाते. ६० किलोमीटर जायला किती मिनिटे लागतील?
३. नावाडी डोंग्याचे तोंड घाटाच्या वरच्या अंगाला का धरतो?
४. खाली वैनगंगा दिसली, एवढ्यावरून मोहाडी आली असे का म्हणू नये?