‘किवता’ची कविता

मिरजेत माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, निकाहाचे दावतनामे, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखाद्या मित्राचा कवितासंग्रह. रात्री शटर अर्धे ओढले की त्याच संगणकावर मी माझ्या कविता लिहायचो. अशी वीस वर्षे गेली. जानेवारी २०२०मध्ये विंडोज ७ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि त्याच सुमारास ज्या मराठी सॉफ्टवेअरवर दुकान चालत होते, त्याचे कुलूप बिघडले. कुलूप म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचा बोटभर तुकडा. तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचे. विकणाऱ्याचा फोन लागेना. कवितांच्या फायली शाबूत होत्या, पण दुसरीकडे उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी!

असे का होते? जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असते. फॉन्ट गेला की चित्र जाते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा २३२५. फॉन्ट कोणताही लावा, ‘क’ तो ‘क’च.

नवे सगळे विकत घ्यायची ऐपत नव्हती. भाचा म्हणाला, ‘‘मामू, लिनक्स पेनड्राइव्ह से चलाके देखो. पसंद आया तोच रखना.’’ तसे करता येते, हे मला ठाऊकच नव्हते. मूळ डिस्कला हात न लावता लिनक्स मिंट चालवून पाहिले. त्या म्हाताऱ्या संगणकावर ते बरे चालले, म्हणून ठेवले.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरव्हाल्डस या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्याच्याभोवतीचे बरेच सामान रिचर्ड स्टॉलमनच्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आले. ते फुकट मिळते, हे खरे. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच आहे. तिथे कुलूप नाही.

आता पत्रिका इंकस्केपमध्ये आणि मजकूर लिब्रेऑफिसमध्ये करतो. उर्दू दावतनाम्यासाठी ‘नोटो नस्तालिक’ हा मोफत फॉन्ट आहे. ओळ उजवीकडून सुरू करायची सोयही लिब्रेऑफिसमध्ये आहे. पुस्तकाची पाने स्क्राइबसमध्ये लावतो. त्याच्या जुन्या १.४ आवृत्तीत आपली जोडाक्षरे फुटत, तेव्हा नवीच आवृत्ती घ्यावी. अडचणी आहेत. माझा जुना स्कॅनर लिनक्सने ओळखलाच नाही. छापखानेवाले अजून कोरलड्रॉची फाइल मागतात. मी पीडीएफ देतो आणि थोडी हुज्जत घालतो.

छंदाचे म्हणाल तर ऑडॅसिटी. कविता म्हणताना पंख्याची घरघर येते. आधी दोन सेकंद गप्प बसायचे. मग तेवढाच तुकडा निवडून सॉफ्टवेअरला सांगायचे की हा गोंगाट आहे, आणि तो सगळ्या ध्वनिमुद्रणातून कमी करून घ्यायचा. जास्त कमी केला तर मात्र आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कुकरच्या शिट्टीवर अजून इलाज सापडलेला नाही.

जुन्या कविता बाहेर काढणे सर्वांत जिकिरीचे होते. भाच्याने एक तक्ता केला : जुने चिन्ह अमुक, तर युनिकोड अक्षर तमुक. पहिली फाइल त्यातून काढली आणि ‘कविता’ची ‘किवता’ झाली, ‘धर्म’चा ‘धमर्’! जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराआधी टंकायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते : आधी ‘व’, मग वेलांटी; आधी ‘र्’, मग ‘म’. म्हणून नुसती अदलाबदल पुरत नाही, वेलांटी मागे न्यावी लागते आणि रफार पुढे. जोडाक्षर आले की किती घरे सरकायचे, हेही सांगावे लागते. ‘स्थिती’ या एका शब्दापायी भाच्याची संध्याकाळ गेली.

बहुतेक कविता परत आल्या. छापील प्रती शेजारी ठेवून त्या तपासतो आहे. दोन कविता कुठे छापल्याच नव्हत्या. त्यांतल्या एकीत एक शब्द असा मोडला आहे, की तो काय होता ते मलाच आठवत नाही. तेवढी जागा सध्या कोरी ठेवली आहे.