नाद आणि कान, लेखांक 7 : न छेडलेला गांधार

सवाई गंधर्व महोत्सवात गायक मंचावर आले की पहिली काही मिनिटं तानपुरे जुळवण्यात जातात. पुणेकर श्रोत्यांना ती लांबली तरी चालतात, कारण जोडी नीट लागली की तिच्यातून गांधार बोलू लागतो. तारा चारच: पंचमाची एक, षड्जाची जोडी आणि खर्ज. गांधाराची तार नाही, तरी गांधार येतो. जाणकार त्याला स्वयंभू म्हणतात. तो हवेत असतो की ऐकणाऱ्याच्या मेंदूत?

काळी एकमध्ये गाणारा गायक घेऊ. जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे 139 कंपनं करतात. खर्ज त्याच्या निम्मी, 69.3. पण तार सबंध हलत असतानाच दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही थरथरते आणि त्या प्रत्येक थरथरीचा एक उपस्वर निघतो. खर्जाचा चौथा उपस्वर 277 कंपनांचा, म्हणजे तार षड्ज. पाचवा 346.5 कंपनांचा. या दोघांचं प्रमाण 4:5, आणि तोच शुद्ध गांधार. पडताळा घ्यायचा तर घोडीपासून तारेच्या एक पंचमांश लांबीवर बोट अलगद टेकवा, तार छेडा आणि बोट उचला. बाकीचे स्वर विझतात, गांधार मागे राहतो. म्हणजे तो हवेतच आहे.

उपस्वर सतारीला असतात, व्हायोलिनलाही असतात. तानपुऱ्यात ते इतके उजळ का? उत्तर जवारीत आहे. घोडी रुंद आणि किंचित बाकदार घासलेली असते. तार आणि घोडी यांमध्ये दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. तार हलताना घोडीच्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि कंपनाची ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे जात राहते. तार जिथे छेडावी, तिथे स्थिर बिंदू असणारे उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, आणि त्याचं कारण घोडी आहे. मिरजेचे कारागीर हे गणित न मांडता पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधत आले आहेत. जवारी लावणं हे मला तरी वाद्य घडवण्यातलं सर्वांत अवघड काम वाटतं.

आता शेजारी हार्मोनियम ठेवा. तिच्या समान वाटणीच्या सप्तकात हाच गांधार 349 कंपनांच्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला अडीच-तीन हेलकावे ऐकू येतात. या खटकण्यावर महाराष्ट्रात गंभीर काम झालं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक 1910 साली पुण्यात छापलं. त्यांच्या प्रयोगांना सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ मिळाली. देवलांचं श्रुतींचं गणित सर्वांना पटलं नाही. तानपुऱ्यातल्या गांधाराची बाजू मात्र त्यांनी घेतली, ती योग्यच होती.

हल्ली रियाजाला मोबाइलवरचा तानपुरा लावतात. मोबाइलचा चिमुकला स्पीकर 69 कंपनांचा स्वर जवळजवळ काढूच शकत नाही. तरी खर्ज ऐकू येतो! हवेत येतात ते फक्त वरचे उपस्वर: 277, 346.5, 416, 485. त्यांच्यातलं अंतर प्रत्येक वेळी 69.3 आहे. कान आणि मेंदू ही ठेवण ओळखतात आणि तिच्या मुळाशी असलेला स्वर स्वतःच पुरवतात. जुन्या टेलिफोनवरून 300 कंपनांखालचं काहीच पोचत नसे, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सहसा 100 ते 150 कंपनांचा. तरीही फोनवरचा वडिलांचा आवाज भारदस्तच वाटायचा.

म्हणजे ज्याची तार नाही तो गांधार हवेत खराखुरा असतो. आणि मोबाइलवरच्या ज्या खर्जाबद्दल आपल्याला शंकाही येत नाही, तो जवळपास सगळा आपण रचलेला असतो. ऐकताना दोन्ही सारखेच खरे वाटतात. नवख्या शिष्याला गांधार लगेच सापडत नाही, याचं कारणही इथेच आहे: एका मुळाचे उपस्वर मेंदू एकत्र बांधून एकच आवाज म्हणून देतो. ती मोळी सोडवून पाचवी काडी वेगळी काढायची तर तानपुऱ्याजवळ बसून रोज ऐकावं लागतं.

ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मात्र अशा सरळ प्रमाणात नसतात. तबल्याची शाई त्यांना सुरात कशी आणते, ते पुढच्या रविवारी.