दंतवैद्याची पहिली भेट

दांत दुखूं लागला म्हणजे माणूस प्रथम लवंग चघळतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करितो, मग घरांत पडलेली एखादी वेदनाशामक गोळी घेतो, आणि हे सर्व उपाय थकले म्हणजे अखेर दंतवैद्याच्या दारीं जातो. तेथें गेल्यावर त्याच्या हातीं एक छापील कागद देण्यांत येतो. आपणांस मधुमेह आहे काय? रक्तदाब आहे काय? कोणतीं औषधें चालू आहेत? पूर्वीं कोणती शस्त्रक्रिया झाली आहे? तो कागद पाहून पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. ‘दुखतो आहे तो दांत, मग हृदयाची चौकशी कशाला?’ असें म्हणून ते सगळ्या प्रश्नांपुढें ‘नाहीं’ लिहून मोकळे होतात. हें ‘नाहीं’ कसें महाग पडूं शकतें, आणि पहिल्या भेटीस जातांना कोणती तयारी करून जावें, हें सांगण्याचा आज माझा विचार आहे. मी वैद्य नव्हें; मीं आयुष्यभर शाळेंत शिकविलें. त्यामुळें रोगाची चिकित्सा सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु प्रश्न नीट समजून घ्यावा आणि मगच उत्तर लिहावें, एवढें सांगण्याचा अधिकार जुन्या मास्तरास असावयास हरकत नाहीं.

हे प्रश्न कोठून आले तें प्रथम पाहूं. एके काळीं दांत काढणें म्हणजे बाजारांत चिमटा घेऊन बसलेल्या माणसाचें काम होतें; वेदना सोसावयाची आणि घरीं जावयाचें. पुढें १८४६ सालच्या १६ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथील रुग्णालयांत विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानेंच ईथर हुंगवून रोग्यास भूल देतां येते हें जाहीरपणें दाखवून दिलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लॉफग्रेन यांनीं लिडोकेन हें औषध तयार केलें. दांताजवळची जागा बधिर करण्यासाठीं आजहि तें सर्रास वापरतात. आपल्याकडे मुंबईस १९३३ सालीं नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय निघालें, आणि १९४८ सालीं दंतवैद्यांच्या नोंदणीचा मध्यवर्ती कायदा झाला. अशा रीतीनें या धंद्याचें शास्त्र झालें. वेदना गेली, पण तिच्या जागीं एक जबाबदारी आली. सुईनें दिलेलें औषध हिरडींतच थांबत नाहीं. तें रक्तांत उतरतें. त्यांत बहुधा अत्यल्प प्रमाणांत अॅड्रेनलिन मिसळलेलें असतें. त्याच्या योगानें त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी येतें व बधिरता अधिक वेळ टिकते. परंतु तेंच द्रव्य हृदयाचे ठोकेहि वाढवूं शकतें. शिवाय दांत काढल्यावर जी जखम राहते, तिच्यांतून तोंडांतील जंतूंस रक्तांत शिरावयास वाट मिळते. तोंड ही घरांतील एक खोली आहे. तिच्यांत केलेल्या कामाची झळ इतर खोल्यांस लागूं शकते, म्हणून कारागीर सबंध घराची चौकशी करितो.

आतां एकेक प्रश्न घेऊं. मधुमेहाचा प्रश्न पहिला. रक्तांतील साखर ताब्यांत नसेल तर जखम भरावयास वेळ लागतो व पू होण्याचें भय वाढतें. उलट बाजूनेंहि हा संबंध आहेच. हिरड्यांचा जुना रोग असला तर साखर ताब्यांत ठेवणें कठीण जातें. म्हणून मागील तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी एचबीए१सी नांवाची तपासणी, तिचा कागद बरोबर न्यावा. दंतवैद्याकडे जावयाचें म्हणून उपाशी जाण्याची एक चाल आहे. मधुमेह्यानें तसें मुळींच करूं नये. औषध घेतलें आणि खाल्लें नाहीं, तर साखर एकदम उतरून खुर्चींतच घेरी यावयाची. सकाळची वेळ मागून घ्यावी, नेहमीप्रमाणें न्याहारी करावी, नेहमींचें औषध घ्यावें, आणि मगच जावें.

दुसरा प्रश्न रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन हीं नांवें आज पुष्कळ घरांत ऐकूं येतात. माझ्या परिचयाच्या एका वयस्क गृहस्थांच्या हृदयाच्या धमनींत स्टेंट बसविलेला होता. दाढ काढावयाची ठरली तेव्हां शेजाऱ्यांनीं सल्ला दिला कीं, आठ दिवस गोळ्या बंद ठेवा, म्हणजे रक्त येणार नाहीं. त्यांनीं कोणास न विचारतां गोळ्या बंद केल्या. सुदैवानें दंतवैद्यानें तीच गोष्ट प्रथम विचारली, काम तेथेंच थांबविलें व त्यांस त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविलें. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या चालू असतांनाच पुढें दाढ निघाली. दोन टांके घातले, कापसाचा बोळा दाबून धरला, रक्त थांबलें. यांतील मर्म असें कीं, हिरडींतून येणारें रक्त डोळ्यांस दिसतें व दाबून थांबवितां येतें. स्टेंटमध्यें किंवा मेंदूंत धरलेली गुठळी दिसतहि नाहीं आणि दाबतांहि येत नाहीं. तेव्हां अशीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत, आणि तीं चालू असल्याचें लपवूंहि नये. वॉरफरिन घेणारांनीं आय.एन.आर. तपासणीचा ताजा कागद न्यावा.

तिसरा प्रश्न हृदयाचा व रक्तदाबाचा. ज्यांच्या हृदयांत कृत्रिम झडप बसविली आहे, किंवा ज्यांच्या हृदयाच्या आंतल्या अस्तरास पूर्वीं जंतूंची लागण होऊन गेली आहे, त्यांस दांत काढण्यापूर्वीं अर्धा ते एक तास अगोदर जंतुनाशक औषधाची एक मात्रा द्यावी लागते. जन्मतः हृदयांत दोष असलेल्यांपैकीं कांहींनाहि ती लागते. कोणास द्यावयाची व कोणास नाहीं हें वैद्य ठरवील. पण आपण सांगितलेंच नाहीं तर तो काय ठरविणार? लहानपणीं सांधे सुजून ताप आला होता व त्यानंतर झडप बिघडल्याचें वैद्यानें सांगितलें होतें, हीसुद्धां चाळीस वर्षांनंतर सांगण्याजोगी गोष्ट आहे. रक्तदाबाचा वरचा आंकडा १८० किंवा खालचा ११० यांच्यावर गेलेला असला, तर तांतडीचें नसलेलें काम बहुधा पुढें ढकलतात. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे, रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधांनीं कित्येकांच्या हिरड्या वाढून दांतांवर येतात. रोगी दंतमंजन बदलीत बसतो. कारण मात्र गोळ्यांच्या पाकिटांत असतें.

चौथा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानांतच येत नाहीं. उतारवयांत हाडें ठिसूळ होतात, म्हणून पुष्कळ स्त्रियांना आठवड्यास एक अॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षांतून एकदां शिरेंतून झोलेड्रोनिक अॅसिड देतात. कर्करोगाच्या कांहीं रोग्यांसहि अशीं औषधें देतात. हीं औषधें गुणकारी आहेत; परंतु तीं घेणारांपैकीं थोड्या लोकांत दांत काढल्यावर जबड्याचें हाड उघडें राहतें व भरून येत नाहीं, याकडे २००३ सालीं अमेरिकेंतील शल्यवैद्य रॉबर्ट मार्क्स यांनीं लक्ष वेधलें. हाडावरचें औषध आणि दांत यांचा संबंध कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि वर्षांतून एकदां घेतलेलें औषध ‘चालू’ आहे असेंहि वाटत नाहीं. म्हणून तें मुद्दाम आठवून सांगावें. शक्य तर असें औषध सुरू करण्यापूर्वींच दांतांचीं कामें उरकून घ्यावींत.

पांचवा प्रश्न न सोसणाऱ्या औषधांचा. पेनिसिलिननें अंगावर पित्त उठलें होतें काय? एखाद्या वेदनाशामक गोळीनें दमा उसळला होता काय? रबरी हातमोज्यांनीं खाज सुटते काय? औषधाचें नांव आठवत नसेल तर निदान काय झालें होतें तें तरी सांगावें. दमेकऱ्यानें आपला फवारा खिशांत घेऊनच खुर्चींत बसावें. वैद्यांचे काढे व चूर्णें हीहि औषधेंच होत. तींहि वगळूं नयेत.

येथपर्यंतचीं उत्तरें विसरण्यामुळें राहतात. कांहीं उत्तरें मात्र संकोचामुळें राहतात, आणि तीच अधिक घातक. आपल्या घरांतील कित्येक वडीलधाऱ्या स्त्रिया तंबाखू भाजून केलेली मिश्री दांतांस लावितात. सुनेदेखत, नातवंडांदेखत ती गोष्ट बोलण्याची त्यांना लाज वाटते. तरुण मुलगा गुटखा खातो तें वडिलांसमोर कबूल करीत नाहीं. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली, तथापि सवय कायद्यानें एका दिवसांत जात नाहीं. सुपारी व गुटखा यांनीं गालाच्या आंतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें. तंबाखूनें पांढरे चट्टे उठतात व त्यांतूनच पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. तो आरंभींच ओळखण्याची उत्तम संधि दंतवैद्यास मिळते, कारण त्याच्याइतकें आपलें तोंड कोणीच निरखून पाहत नाहीं. तीच गोष्ट गर्भारपणाची. सासूबाई शेजारीं बसलेल्या असल्या म्हणजे नवी सून दिवस गेल्याचें बोलत नाहीं. पण कांहीं औषधें गर्भास बाधक असतात, टेट्रासायक्लिननें तर पोटांतील मुलाच्या भावी दांतांवर डाग पडतात. चवथा ते सहावा महिना दांतांच्या कामास सोईचा समजतात. यकृताची संसर्गजन्य कावीळ किंवा एच.आय.व्ही. यांविषयीं तर भीतीच अधिक. वास्तविक सर्वच रोग्यांच्या बाबतींत हातमोजे वापरावयाचे व हत्यारें दाबाच्या वाफेंत निर्जंतुक करावयाचीं, असा नियम आहे. आणि २०१७ सालच्या कायद्यानें एच.आय.व्ही.ची लागण असल्याच्या कारणावरून कोणास उपचार नाकारणें बेकायदेशीर ठरविलें आहे. तेव्हां माझी सोबतच्या मंडळींस विनंती आहे कीं, रोग्यास खुर्चींत बसवून आपण पांच मिनिटें बाहेर जावें. आणि रोग्यास संकोच वाटत असेल तर त्यानें ‘मला आपणांशीं एकट्याशीं बोलावयाचें आहे’ एवढें एक वाक्य म्हणावें. वैद्यास सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणें हा त्याचा धर्म आहे.

आतां तयारीची गोष्ट. आदल्या दिवशीं स्वस्थ बसून एक कागद घ्यावा. त्यावर आपलें नांव व वय. झालेले मोठे आजार व शस्त्रक्रिया, त्यांच्या सालांसह. रोजचीं औषधें, त्यांची मात्रा व वेळ. न सोसणारीं औषधें. पूर्वीं दांत काढतांना घेरी आली किंवा फार रक्त गेलें असल्यास तें. आणि आपल्या नेहमींच्या डॉक्टरांचें नांव व टेलिफोन क्रमांक, इतकें स्वच्छ अक्षरांत लिहावें. नांवें लिहितां येत नसतील तर गोळ्यांचीं सगळीं पाकिटें एका पिशवींत घालून न्यावींत. ‘सकाळची पांढरी आणि रात्रीची तांबडी’ एवढ्यावरून कोणासहि बोध होत नाहीं. कवळी असेल तर ती, आणि जुने क्ष-किरणांचे फोटो असतील तर तेहि न्यावेत. दुखऱ्या दांताजवळ अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवूं नये. तिनें हिरडी भाजते. गाल सुजला असतां वरून शेकूंहि नये. दुखणें केव्हां सुरू झालें, गरम लागून ठणकतें कीं थंड लागून, रात्रीं झोप मोडते काय, हें आठवून ठेवावें.

मुलाची पहिली भेट दांत किडण्याची वाट पाहत लांबवूं नये; पहिला दांत आल्यावर, वर्षाच्या आंत, त्यास एकदां दाखवून आणावें. ‘ऐकलें नाहींस तर दांतवाल्याकडे नेईन’ अशी धमकी घरांत कधींहि देऊं नये. मुलास झटके येत असतील, हृदयांत छिद्र असल्याचें कोणीं सांगितलें असेल, किंवा खरचटलें तरी रक्त लवकर थांबत नसेल, तर तें त्याच्यासाठीं आपणच सांगावयाचें आहे.

हा कागद एकदां केला म्हणजे संपलें असें नाहीं. नवें औषध सुरू झालें कीं त्यांत भर घालावी, बंद झालें कीं खोडावें, आणि दर भेटीस तो दाखवावा. घरांतील प्रत्येक माणसाचा असा एकेक कागद रेशनकार्डाजवळ ठेवलेला असला, तर केवळ दंतवैद्याकडेच नव्हे, तर अवेळीं कोणत्याहि रुग्णालयांत धांवण्याचा प्रसंग आला असतां तो उपयोगीं पडेल. आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांत वडील माणसापासून आरंभ करावा, एवढीच माझी सूचना आहे.