लोकताक सरोवर : फुमदी, मासेमार आणि इथाई बंधारा

प्रस्तावना :
मणिपूर खोऱ्याच्या दक्षिण भागातील लोकताक हे ईशान्य भारतातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. १९९० मध्ये त्याची नोंद रामसर स्थळांच्या यादीत झाली. मात्र १९९३ मध्येच ऱ्हास पावणाऱ्या पाणथळ क्षेत्रांच्या माँत्रो नोंदपटात त्याचा समावेश करावा लागला. या ऱ्हासाची कारणे प्रामुख्याने सरोवराच्या बदललेल्या जलव्यवस्थेत आढळतात.

फुमदीचे चक्र :
कुजलेल्या वनस्पती, मुळे व माती यांच्या एकत्रीकरणातून तयार झालेल्या तरंगत्या थरास ‘फुमदी’ असे म्हणतात. तिचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्यावर, तर उर्वरित भाग पाण्याखाली असतो. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की फुमदी तळाला टेकत असे, तेथील मातीतून वनस्पती पोषकद्रव्ये घेत व पावसाळ्यात ती पुन्हा वर येत असे. याच थरावर कैबुल लामजाओ हे सुमारे ४० चौ.कि.मी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान १९७७ मध्ये घोषित झाले. नामशेष मानले गेलेले सांगाई हरीण १९५३ मध्ये येथेच पुन्हा आढळले. १९७५ च्या गणनेत त्यांची संख्या केवळ १४ होती. २०१६ मध्ये ती २६० झाली.

मानवी जीवन :
मोइरांग नगर आणि थांगा, कारांग ही बेटे यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या या सरोवराशी निगडित आहे. मासेमार फुमदीचे वर्तुळाकार कुंपण करून ‘अथाफुम’ पद्धतीने मासे पकडीत आणि फुमदीवरच झोपड्या बांधून राहत.

इथाई बंधारा व त्याचे परिणाम :
१०५ मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मणिपूर नदीवर उभारलेला इथाई बंधारा १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. परिणामी सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. फुमदी तळाला टेकेनाशी झाल्याने ती पातळ होऊन सांगाईचा भार पेलण्यास असमर्थ ठरू लागली. चिंदविन-इरावती नदीप्रणालीतून वर येणाऱ्या माशांचा मार्ग खुंटला. ‘पेंगबा’ हा राज्यमासा नैसर्गिक जलाशयांतून जवळजवळ नाहीसा झाला. काठावरील शेतजमिनी बुडाल्या. त्यातच नांबुल नदी इम्फाळ शहराचे सांडपाणी सरोवरात आणते.

सरोवराच्या संरक्षणासाठी २००६ मध्ये राज्याने कायदा केला. त्याच्या आधारे नोव्हेंबर २०११ मध्ये शेकडो तरंगत्या झोपड्या जाळण्यात आल्या. म्हणजेच, ज्या मासेमारांचे जीवन बंधाऱ्यामुळे विस्कळीत झाले, त्यांनाच संवर्धनाची किंमतही मोजावी लागली.

निष्कर्ष :
लोकतकचा प्रश्न केवळ प्रदूषणाचा वा अतिक्रमणाचा नसून पाण्याच्या चढउताराचा आहे. पाणी उतरू न देता फुमदी वाचविणे शक्य नाही. म्हणून वीजनिर्मिती, सांगाईचा अधिवास व मासेमारांची उपजीविका या तिन्हींचा विचार करून बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे ऋतुमानानुसार नियमन होणे, हीच संवर्धनाची पहिली अट ठरते.