जिन्यातच संपणारं इंधन

डर्मॅटोमायोसायटिस हा त्वचा आणि स्नायूंना सूज आणणारा आजार झालेल्याला चार पायऱ्याही गड चढल्यासारख्या वाटतात. दोष नुसत्या सुजेचा नाही. स्नायू चालतो एटीपी या रेणूवर. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. मग वेळेला वाटीभर साखर देणाऱ्या शेजारणीसारखं फॉस्फोक्रिएटिन एटीपी पुन्हा भरायला धावून येतं. फॉस्फरसचे संकेत टिपणाऱ्या चुंबकीय अनुनाद (एमआर) तंत्राने पाहिलं, तर या रुग्णांच्या मांडीत दोन्ही साठे विश्रांतीतही कमी दिसतात. म्हणजे शेजारणीचाच डबा रिकामा! शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात केशवाहिन्या घटतात, ऑक्सिजन तोकडा पडतो. त्यात उपचाराचं स्टेरॉइडही स्नायू झिजवतं. पूर्वी ‘आराम करा’ असंच सांगत; स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या अभ्यासांत मात्र देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला, ऑक्सिजन वापरण्याची ताकदही वाढली.