उशिरा वळलेली मान

खडकी स्टेशनजवळच्या एका वस्तीत, जेमतेम दहा बाय बाराच्या खोलीत ही अंगणवाडी भरते. लोणावळा लोकल भोंगा देत गेली की ताईंची गोष्ट थांबते आणि सगळी पोरं ‘गाडी, गाडी’ करत खिडकीकडे वळतात. साडेतीन वर्षांचा एक मुलगाही वळतो, पण सगळ्यांच्या मागून. त्याला गाडी ऐकू आलेली नसते. त्याने शेजारच्यांच्या वळलेल्या माना पाहिलेल्या असतात.

सेविकाताईंनी हे पहिल्या महिन्यातच हेरलं. घरचे म्हणायचे, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ ताईंनी वाद घातला नाही. मुलगा पाठमोरा खेळत असताना कधी ताटावर चमचा वाजवला, कधी टाळी, कधी हलकी हाक. मान कशाला वळली ते वहीत लिहिलं आणि वही घेऊन गृहभेटीला गेल्या. ‘बहिरा’ हा शब्द तोंडातून काढला नाही. “ते ठरवणारे डॉक्टर. मी बघायचं आणि पाठवायचं,” त्या म्हणाल्या.

पाठवायची वाट सरकारने आखलेली आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धतीही जाहीर केली: लवकर ओळखा, सगळ्यांत सामावून घ्या, तज्ज्ञांकडे पाठवा.

यातलं मधलं काम रोजचं, आणि तेच किचकट. मुलाच्या कानामागे आता श्रवणयंत्र आहे. पण यंत्र गोष्टीबरोबर ताटल्यांचा खणखणाटही मोठा करतं. म्हणून मदतनीसताई खिचडीची ताटं मांडू लागल्या की गोष्ट बंद. पूर्वी ताई खिडकीकडे पाठ करून बसायच्या, त्यामुळे त्यांचा चेहरा काळोखात जायचा. आता त्या समोरच्या भिंतीशी बसतात. उजेड ओठांवर पडतो. कावळा म्हणताना कावळ्याचं चित्र हातात असतं. या चित्रांचा फायदा घरी तमिळ, तेलुगू बोलणाऱ्या पोरांनाही झाला. खडकीत अशी घरं बरीच.

दोन भिंतींच्या कोपऱ्यात एक मुलगी बसते. तिची पाठ सावरत नाही. कोपरा दोन्ही बाजूंनी आधार देतो, गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी असते. तिच्या खडूला चिंधी गुंडाळून जाड केलंय, म्हणजे मुठीत धरता येतो. दुसऱ्या दिवशी चौघांनी तसलाच खडू मागितला. ताईंनी सगळ्यांना करून दिला.

खडकीला व्हीलचेअर नवी नाही. जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र इथेच आहे आणि त्या जवानांकडे लोक आदराने बघतात. तीन वर्षांचं पोर मात्र ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणून घरात ठेवलं जातं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहाव्या वर्षापासून सुरू होतो. बोलणं, चालणं, दुसऱ्याशी खेळणं बहुतेक मुलं त्याआधीच शिकतात.

तेव्हा शेजारचं एखादं मूल हाकेला उशिरा वळत असेल, तर त्याच्या आईला एवढंच सांगा: उद्या त्याला अंगणवाडीत घेऊन जा. सहावं वर्ष लागायची वाट बघू नका.